राईनपाडा हत्याकांड

समाजमाध्यमांवरून पसरलेल्या अफवेमुळे धुळे जिल्ह्यात १ जुलै २०१८ रोजी झालेली पाच भिक्षेकऱ्यांची सामूहिक हत्या. राईनपाडा हे साक्री तालुक्यातील पिंपळनेरजवळचे आदिवासी गाव. त्या रविवारी तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. मृत पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे असून बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. त्यांच्यापैकी एकजण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून ही मुले पळविणारी टोळी असल्याचा संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. मारहाणीचे चित्रीकरण झाले व तेही भ्रमणध्वनींवरून फिरले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना मात्र पोलिसांनी वाचविले.

मोबाइलवरील इंटरनेट २०१६ नंतर स्वस्त झाले. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत त्याबरोबर अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती आल्या, तशाच अफवाही आल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात देशात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील होती. बालकांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या त्या लघुपटात दुचाकीवरील दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात व जनजागृतीचा फलक दाखवितात. भारतात पसरलेल्या प्रतीत हा शेवट कापलेला होता. सावधगिरीचा धडा अशा रीतीने अपहरणाचा पुरावा बनला.

तथापि केवळ यंत्रास दोष देऊन भागत नाही. डवरी गोसावी डौर वाजवीत गावोगाव भिक्षा मागतात; अनोळखी गावात शिरणे हाच त्यांचा परंपरागत व्यवसाय. भटक्यांपैकी अनेक जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण भटक्यांविषयीचा संशय उरला. अफवेला तो आयताच सापडला.

जेफ ऑर्लोव्स्की दिग्दर्शित द सोशल डायलेमा (२०२०) या माहितीपटात गूगल, फेसबुक, ट्विटर आदी कंपन्यांतील माजी अधिकाऱ्यांनी या माध्यमांचे अंतरंग उघड केले आहे. ग्राहकाचे लक्ष खिळून राहावे म्हणून काय दाखवावयाचे ते संगणकच ठरवितो, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. राईनपाड्यास ते पुरते लागू पडत नाही. व्हॉट्सॲपवरचा खाजगी संदेश संगणक निवडत नाही. तो भाऊबंद, मित्र किंवा शेजारी पाठवितो. ओळखीच्या नावामुळे तो खरा वाटतो. चित्रपटाने ही बाजू जवळजवळ सोडून दिली आहे.

घटनेनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲपला समज दिली. कंपनीने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वयक नेमण्याचा आदेश दिला. योगायोगाने १ जुलै २०२४ रोजीच अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत (कलम १०३, उपकलम २) पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येस मृत्युदंड वा जन्मठेपेची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र हत्येचे कारण वंश, जात, जन्मस्थान, भाषा वा तत्सम असावे लागते. मुले पळविण्याच्या संशयाचा त्यात उल्लेख नाही.