स्ट्रॉबेरीचं माहेर

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी साहेबानं आणली, एवढं आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे ती साहेबाच्याच मुलखातली असणार, असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो. तिचं कूळ अटलांटिकपलीकडचं. एक बाजू उत्तर अमेरिकेची, दुसरी चिलीची. दोघांची गाठ पडली अठराव्या शतकात, फ्रान्सकडच्या बागांमध्ये, आणि तीही कुणी जुळवून आणली नव्हती.

त्याआधी युरोप खात होता ती रानातली. शास्त्रीय नाव फ्रागारिया वेस्का. फळ करंगळीच्या नखाएवढं, बिया सालीवर उठून आलेल्या, पण वासाला मोठी बहीणही तिच्यापुढे फिकी. स्वित्झर्लंड, डेन्मार्कमधल्या अश्मयुगीन वस्त्यांत तिच्या बिया सापडल्यात. दोन हजार वर्षांपूर्वी व्हर्जिलनं ही फळं वेचणाऱ्या पोरांना गवतातल्या सापापासून सावध केलं होतं. आपल्याकडे करवंदांच्या जाळीत हात घालणाऱ्याला हे निराळं सांगावं लागत नाही.

वेचण्याची खूण सोपी आहे. पिकलेलं फळ चिमटीत धरलं की हिरव्या टोपीतून अलगद सुटतं; ओढावं लागलं तर ते कच्चं. टोपली भरली की तळातली फळं वरच्यांच्या भारानं चेपून पाझरायला लागतात. घरी नेऊन उद्या खाऊ म्हटलं तर उद्यापर्यंत लगदा. म्हणून स्वीडनमधली पोरं टोपलीच्या भानगडीत पडत नाहीत, गवताच्या लांब काडीवर एकेक फळ ओवतात. घरी पोचलेल्यांचा मुरंबा होतो, नाहीतर ती दूधसायीबरोबर संपतात. पानं वाळवून त्यांचा चहासारखा काढाही करतात. वनस्पतींना नावं देणारा लिनियस तर आपला गाऊट या फळांनीच हटला असं मानायचा. खरंखोटं तो जाणे. औषध असं असेल तर पथ्य मोडतो कोण?

फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स यानं चौदाव्या शतकात रानातली रोपं लूव्रच्या बागेत लावून घेतली. खतपाणी मिळालं, पण फळ काही फारसं मोठं होईना.

मोठं फळ होतं चिलीत. तिथले मापुचे लोक ते पिढ्यान्‌पिढ्या लावत, वाळवत, आंबवून त्याचं पेय करत. 1712 साली आमेदे फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता तिथं गेला. वेष व्यापाऱ्याचा, काम स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी. तटबंद्यांचे नकाशे काढता काढता या हेराची नजर अक्रोडाएवढ्या फळांवर गेली आणि निघताना त्यानं काही रोपं बोटीवर चढवली. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा, त्यात गोडं पाणी मोजूनमापून. 1714 मध्ये मार्सेयला पोचेपर्यंत पाच रोपं जगली. दोन त्याला मालाच्या अधिकाऱ्याला द्यावी लागली, कारण रोपांना पाणी घालू दिलं होतं ते त्यानंच. एक पॅरिसच्या राजोद्यानात गेलं, एक वरिष्ठांना दिलं, उरलेलं एक स्वतःकडे ठेवलं.

रोपं वाढली, फुलली. फळ मात्र धरेना. चिलीच्या या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फ्रेझिएनं साहजिकच फळांनी लगडलेली उचलली होती, म्हणजे सगळ्या माद्या! ब्रिटनीतल्या ब्रेस्टच्या आसपास पुढे शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की मध्ये मध्ये दुसऱ्या जातीची रोपं लावली की ही फळं धरतात. उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाची जात सतराव्या शतकातच युरोपात आली होती. शेजार झाला, मधमाश्यांनी बाकीचं पाहिलं आणि अननसासारख्या वासाची, मोठ्या फळांची नवीच रोपं बागांमधून दिसू लागली.

हा वास कुठून आला याचा छडा आंत्वान द्युशेन या विशीही न गाठलेल्या पोरानं लावला. 1766 च्या आपल्या ग्रंथात त्यानं सांगितलं, की ही चिली आणि व्हर्जिनिया यांची संकरित संतती. गुणसूत्रं कुणाला ठाऊक नव्हती त्या काळात हे ओळखणं सोपं नव्हतं. आज आपण मोजू शकतो. या दोन्ही अमेरिकी जातींत 56 गुणसूत्रं, म्हणून त्यांचं सहज जुळलं. युरोपच्या रानातलीत फक्त 14. जिनं हजारो वर्षं पोरांची तोंडं लाल केली, ती या जुळणीत बाजूलाच राहिली.

तीच संकरित स्ट्रॉबेरी पुढं जगभर गेली आणि महाबळेश्वरलाही पोचली. 2010 साली इथल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं. लागवडीची मातृरोपं मात्र आजही कॅलिफोर्नियाहून मागवली जातात. माहेरची ओढ, दुसरं काय!

रानातलीच चाखायची असेल तर महाबळेश्वर सोडून हिमालयात जावं. हिमाचल, उत्तराखंडच्या उतारांवर तिची भावंडं आपसूक उगवतात. फूल तेवढं आधी पाहून ठेवावं. पांढरं असेल तर ती खरी. पिवळं असेल तर फळ कितीही लालचुटुक दिसो, ती दुसरीच वनस्पती. खाऊन अपाय होत नाही, पण तोंडाला पाण्याची चव येते.