दूरंदेशीत 'देश' नाही

परळी वैजनाथच्या एका सभेत वक्त्याने कुणाला तरी 'दूरंदेशी नेता' म्हटले. शेजारच्या गृहस्थांनी मला अर्थ सांगितला, "दूरदेशी ज्याचं नाव पोचलंय तो!" सभेत वाद नको म्हणून मी गप्प बसलो.

या शब्दात देश नाही. फोड आहे 'दूर' आणि 'अंदेश'. फारसीत 'अंदेशीदन' म्हणजे विचार करणे. पुढचा विचार करणारा तो दूरंदेश, आणि त्याचा गुण दूरंदेशी. दुसऱ्याचे भले चिंतणारा तो खैरअंदेश. उर्दूत 'अंदेशा'ला मात्र शंका, भीती असा अर्थ आला. पुढचा विचार करू लागले की काळजी लागतेच, नाही का?

शिवाजी महाराजांच्या काळी राजव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. त्याच शतकात, १९२५ साली, माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोशही निघाला. दूरंदेशी तरीही टिकला. त्यातला 'दूर' काढायचा तरी कसा? तो संस्कृतातही आहे, फारसीतही. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. आमच्या भागात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. खासरा, पाहणी हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी अजून आहेत. ते वापरताना कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

दूरंदेशीला पर्याय म्हणून 'दूरदृष्टी' सांगतात. मला दोन्ही एक वाटत नाहीत. शाळेच्या विज्ञानात दूरदृष्टिता हा डोळ्यांचा दोष आहे : लांबचे स्पष्ट दिसते, जवळचे नाही. दृष्टी डोळ्यांची, अंदेश विचाराचा.

परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ च्या सुमारास सुरू झाले. मागास मराठवाड्यासाठी ते मोठे स्वप्न होते, आणि अनेक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. पण अशा केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी. जिल्हा बीड, म्हणजे पाऊस बेभरवशाचा. पाणी यायचे गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. दुष्काळात बंधारा आटला आणि २०१३ मध्ये संच थांबले, २०१५ मध्ये पुन्हा थांबले. कोळसा रेल्वेने आणता येतो, पाणी कुठून आणायचे?

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेनेच आले.