कोतवालावर कोतवाल कोण? १७९१ चे पुणे ते आजचा फुलपाडा

१/१९
विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, पापडखिंड धरणाच्या वाटेवर फुलपाडा आहे. एकेकाळचा पाडा, आज दाट वस्ती. समजा, तिथला एखादा तरुण रात्रपाळीहून परतताना नाकाबंदीत अडवला गेला आणि त्याला पोलीस ठाण्यात नेले. आत जे घडेल त्याचा जाब कोण, कोणाला विचारणार? हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. आजचा धागा त्याच्या इतिहासाचा.

२/१९
आरंभ पेशवाईतील पुण्यापासून. १७७७ मध्ये घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल झाला. पाठीशी नाना फडणवीस होते. चोरांचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, बाजारावर देखरेख, घर-जमिनीच्या व्यवहारांच्या नोंदी, लहान तंट्यांचे निवाडे आणि दंडाची वसुली ही सारी कामे कोतवालाकडे असत. पकडणारा तोच आणि दंड करणाराही तोच.

३/१९
रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. जो सापडेल त्याची रवानगी चौकीत. शहर शांत राहिले, हे खरे. परंतु कोतवालाविरुद्ध तक्रार करायची तर जायचे कुठे? नानांच्या दाराशी. आणि नानांना शहराची खबर देणारा कोण? कोतवालच. सारा पेच या एका वर्तुळात आहे.

४/१९
ऑगस्ट १७९१. पुण्यात आलेल्या तीसहून अधिक तेलंगी ब्राह्मणांना चोर ठरवून घाशीरामाच्या माणसांनी एका कोंदट जागेत कोंडले. वीसहून अधिक जण गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडवले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. कोतवालाकडून नानांकडे आधीच खबर गेली होती, ती अशी की कैदी चोर होते आणि अफू खाऊन मेले.

५/१९
ही खबर नीट पाहावी. कोठडीत माणसे मेली, आणि ती कशी मेली याचा पहिला अहवाल ज्याच्या कोठडीत मेली त्यानेच दिला. कुलूप बाहेरच्या माणसाने तोडले नसते, तर इतिहासात त्या खबरीचीच नोंद उरली असती.

६/१९
पुढचे सर्वांना ठाऊक आहे. संतप्त जमाव नानांच्या वाड्यावर गेला. घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला दगडांनी ठेचून मारले. पुढे १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले, १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी नाटक.

७/१९
हा न्याय झाला काय? माणूस मेला, परंतु चौकशी झाली नाही. चौदा वर्षे तक्रारी का ऐकल्या गेल्या नाहीत, हे कोणी विचारले नाही. कोतवालीवर स्वतंत्र देखरेख बसली नाही. ज्यांनी नेमले, त्यांनी हात झटकले. जमावाचा सूड म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. तशी व्यवस्था नसते, तेव्हाच तिच्या जागी जमाव येतो.

८/१९
आता कंपनी सरकारकडे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळ आयोगाने नोंदवले की, महसूल वसूल करण्यासाठी आणि कबुलीजबाब मिळवण्यासाठी रयतेचा छळ सर्रास होतो. १८६० मध्ये पोलीस आयोग बसला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. त्यामागे आयर्लंडच्या कॉन्स्टेब्युलरीचा नमुना होता. तो परक्या मुलखाला धाकात ठेवणाऱ्या दलाचा होता.

९/१९
मुंबई इलाख्याने स्वतःचे कायदे केले: १८६७ चा आणि मग १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. जबाबदारीची दिशा मात्र तीच राहिली. शिपाई अधिकाऱ्याला, अधिकारी दंडाधिकाऱ्याला आणि दंडाधिकारी सरकारला उत्तर देई. शिडी वर जात होती. रयतेकडे उतरणारी एकही पायरी तिला नव्हती.

१०/१९
गंमत अशी की, इंग्रजांचाही आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. छळ होतो हे गृहीत धरून पुरावा नाकारला. छळ करणाऱ्यावर पाळत ठेवणारी संस्था मात्र उभारली नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगालाही पोलीस खाते भ्रष्ट आणि जुलमी आढळले. कलम २५ मधील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

११/१९
स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. राज्यकर्ते बदलले, शिडीची रचना फारशी बदलली नाही. त्याची किंमत २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजला दिसली. तेव्हाच्या चांदा, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील या गावच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हाच पुढे मथुरा खटला म्हणून ओळखला गेला.

१२/१९
सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती, असा तर्क होता. रात्रीचे ठाणे, गणवेशातले पोलीस आणि समोर एकटी मुलगी: या विषमतेचा विचारच झाला नाही.

१३/१९
सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. १९८० मध्ये देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. १७९१ च्या जमावाने एक माणूस मारला होता. या पत्राने नियम बदलला.

१४/१९
दुसरे एक पत्र १९८६ चे. पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंबाबत सरन्यायाधीशांना लिहिले. त्यावर १९९६ मध्ये निकाल आला: अटकेचा पंचनामा साक्षीदारासह करावा, नातलगांना कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा नियम तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. २००६ पासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायिक दंडाधिकाऱ्याने करावी, असा कायदा आहे. घाशीरामाच्या ‘अफूच्या खबरी’ला मिळालेले हे उत्तर होय.

१५/१९
परंतु नियम पाळले नाहीत तर? धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७-८१) आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात सात निर्देश आले. त्यांतील एक असा: राज्य आणि जिल्हा पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापावीत.

१६/१९
महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरण निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशाकडे दिले. जिल्ह्याऐवजी मात्र महसूल विभाग धरला. परिणामी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणाला एकच विभागीय प्राधिकरण. शिवाय राज्य प्राधिकरणाचा अहवाल अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे देऊन, सरकार फेटाळू शकते. शिडीला पायरी मिळाली. पण वरचे दार बंद करण्याची मुभा वरच्यांकडेच राहिली.

१७/१९
आयर्लंडकडे पुन्हा एकदा पाहू. ज्या कॉन्स्टेब्युलरीचा साचा आपण घेतला, तिचीच वारस उत्तर आयर्लंडची पोलीस. तिथे २००० मध्ये स्वतंत्र पोलीस लोकपालाचे कार्यालय सुरू झाले. त्याच्याकडे स्वतःचे तपास अधिकारी आहेत; पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पोलिसांकडे परत जात नाही. अभ्यासक कोणत्याही देखरेख संस्थेला तीन कसोट्या लावतात. ती स्वतंत्र आहे काय? तिचे स्वतःचे तपास पथक आहे काय? तिचे निष्कर्ष जनतेसमोर येतात काय?

१८/१९
आता परत फुलपाड्याला. १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरार हा मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा भाग आहे. त्याआधी तो पालघर जिल्हा पोलिसांकडे होता. आयुक्तालयात एरवी महसुली दंडाधिकाऱ्यांकडे असणारे काही अधिकार पोलिसांकडे येतात. वाढत्या शहराला त्याचा उपयोग आहे. परंतु पकडण्याचा आणि आदेश काढण्याचा अधिकार एका छताखाली जितका अधिक येतो, तितकी बाहेरची देखरेख अधिक लागते. १७७७ च्या कोतवालीचा धडा हाच.

१९/१९
म्हणून त्या तरुणाने काही गोष्टी जाणाव्यात. ठाण्यात नेल्यास कारण विचारावे, घरी कळवण्याचा हक्क मागावा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेण्यास ठाण्याने नकार दिला तर वरिष्ठांना लेखी कळवावे आणि मग दंडाधिकाऱ्याकडे जावे. ठाण्यात सीसीटीव्ही असावेत, चित्रण शक्यतो १८ महिने जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. चित्रण वेळेत मागावे. गैरवर्तनाची तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. १७९१ मध्ये मानाजी फाकड्यांना कुलूप तोडावे लागले. आज त्या कुलपाची दुसरी किल्ली कायद्याने बाहेर ठेवली आहे. ती गंजू न देणे हे नागरिकांचे काम आहे.

(धागा समाप्त)