टिरेट्टा बाजारातली न्याहारी

श्रोतेहो, कलकत्त्याला कधी गेलात तर रविवारी जरा पहाटेच उठा. लालबाजारच्या पोलीस कचेरीपासून थोडे चालले की टिरेट्टा बाजार लागतो. टिरेट्टा हा इटालियन गृहस्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा बाजार त्याचा होता. नाव त्याचे राहिले, वस्ती मात्र चिनी लोकांची झाली.

रस्त्याकडेला वाफेची भांडी मांडलेली दिसतील. झाकण उघडले की आत पांढरे, फुगलेले पाव, पोटात मांसाचे सारण. आपण मोदक उकडतो ना, रीत तीच, सारण तेवढे निराळे! शेजारी माशाच्या गोळ्यांचे गरम सूप. आठ-साडेआठला सारे आटोपते, बरं का.

ही माणसे इथे आली कशी? शेतकरी मंडळींनी मुद्दाम ऐकावे, कारण याचे मूळ उसाच्या फडात आहे. 1780 च्या सुमारास अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने हुगळीकाठी जमीन दिली. त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि आपल्या मुलखातून मजूर आणले. मजूर कलकत्त्याकडे पळू लागले, तेव्हा त्याने सरकारकडे तक्रारही केली! तो लवकरच वारला, कारखाना पुढे विकला गेला. गावाचे नाव मात्र अच्छीपूर. मजूर शहरात राहिले. मागून आणखी चिनी लोक आले. कुणी सुतारकाम धरले, कुणी जोडे शिवले, तर हाक्का लोकांनी टांगऱ्यात कातडी कमावली.

आणि मग 1962 चे युद्ध आले. आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता अशा ठिकाणांहून सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे धरून राजस्थानात देवळी येथील छावणीत ठेवली. त्यांत इथेच जन्मलेली लेकरे होती, म्हातारी होती. गुन्हा एवढाच, की चेहरा शत्रूसारखा. काहींना तिथे वर्षानुवर्षे राहावे लागले. सुटून आलेल्या कित्येकांना घर-दुकान परत मिळाले नाही. मग अनेकांनी देशच सोडला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांगऱ्यातील चर्मालये हलवण्याचा हुकूम दिला, तेव्हा आणखी काही गेले. राहिलेल्यांपैकी कित्येकांनी त्याच जागी खाणावळी काढल्या.

गुरुजी, वर्गात 1962 शिकवाल तेव्हा देवळीही सांगा. नकाशावर सापडते.

आजही चिनी नववर्षानंतर ही मंडळी अच्छीपूरला जातात. नदीकाठी अच्यूची तांबडी, घोड्याच्या नालेच्या आकाराची समाधी आहे. तिथे उदबत्त्या लावतात, नैवेद्य ठेवतात.