छायाचित्रांतील स्त्रीवेश, व्हिक्टोरियाकालीन

राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) काढलेल्या व्यक्तिचित्रांत दिसणारी स्त्रियांची वेशभूषा. वेशभूषेच्या इतिहासाचे हे महत्त्वाचे साधन होय; तथापि महाड-पोलादपूरसारख्या अंतर्भागातील स्त्रियांविषयी ते फारच अपुरे पडते.

इंग्लंडमधील छायाचित्राचा काळ पोशाखावरून बराच नेमका ठरविता येतो. १८६० च्या सुमारास पोलादी कड्यांच्या सांगाड्यावर फुगविलेला घागरा, पुढील दोन दशकांत पाठीमागे उंचावलेला घेर आणि १८९५ च्या आसपास खांद्याशी फुगलेल्या बाह्या ही त्याची गमके होत. मराठी स्त्रीच्या नऊवारी लुगड्याची बाह्याकृती अशी पालटली नाही. त्यामुळे येथे लुगड्यापेक्षा चोळीच अधिक बोलकी ठरते. पुढे गाठ मारलेल्या आखूड चोळीऐवजी बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे, लेस लावलेले पोलके शहरी सुशिक्षित कुटुंबांत शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागले.

रंगांविषयी मात्र छायाचित्र फसविते. १८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या कलोडियन काचेवर निळा रंग फिकट, तर तांबडा जवळजवळ काळा उमटे. त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे दिसते आणि काळे वाटणारे लुगडे प्रत्यक्षात लालही असू शकते. शिवाय काही सेकंद निश्चल बसावे लागे. चेहऱ्यांवरील ताठपणा हा स्वभावाचा पुरावा मानणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

छायाचित्रातील वेश पुष्कळदा हेतुपूर्वक निवडलेला असे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील १० ऑक्टोबर १८८५ च्या छायाचित्रात आनंदीबाई जोशी (१८६५–८७) साडीत, तर जपानी व सिरियन सहविद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. ही निवड त्यांच्या ओळखीचा भाग होती.

असे स्वातंत्र्य सर्वांना नव्हते. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तेथील विल्यम जॉन्सन याचा मुंबईच्या रहिवाशांविषयीचा दोन खंडांचा संग्रह (१८६३, १८६६) आणि आठ खंडांचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८–७५) यांत माणसे मुख्यतः जातींचे व जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. जॉन्सनच्या संग्रहात तर माणसांची चित्रे वेगळ्या निसर्गदृश्यांवर जोडलेली आहेत. अशा मांडणीत व्यक्तीचे नाव गौण ठरते. पोशाख व दागिने हीच जातीची खूण बनते.

ही खूण केवळ छायाचित्रकाराच्या नजरेत नव्हती. सावित्रीच्या खोऱ्यात भाताची लावणी करणारी स्त्री चिखलात उभे राहता यावे म्हणून लुगडे गुडघ्याशी खोचून घेई, ही कामाची सोय झाली; परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांची नेसण व दागिने यांवरून त्यांची जात दुरून ओळखू येई. व्हिक्टोरियाचे युग संपल्यावरही हे चालूच राहिले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर (२० मार्च १९२७) त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. गळ्यातील अनेक गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे चांदीचे वा कथलाचे अलंकार टाकून द्यावेत, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसावे, असे त्यांनी सांगितले. काही कार्यकर्त्यांच्या घरांतील स्त्रियांनी नवी नेसण त्यांना तेथेच दाखविली.