भरपाई घ्या, पण परत येऊ नका

कोणताही करारनामा हाती आला, की रकमेचा आकडा पाहण्याआधी मी शेवटची कलमे वाचतो. प्रशासनातील नोकरीने लावलेली ही सवय आहे. अमेरिकेतील नोकरीविषयक तडजोडनाम्यांच्या शेवटी येणाऱ्या अशाच एका कलमाचा इतिहास येथे मांडत आहे. तेथे नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांना त्याचा उपयोग व्हावा.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग व मूळ राष्ट्र यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. तक्रारदारावर सूड उगवण्यासही बंदी घातली. परंतु पुष्कळ दावे निकालापूर्वीच तडजोडीने मिटतात. मालक रक्कम देतो, कर्मचारी दावा मागे घेतो आणि सोबत लिहून देतो, की यापुढे या संस्थेत नोकरी मागणार नाही. मालकाची बाजूही समजण्याजोगी आहे. तोच माणूस पुन्हा अर्ज करील व नकार मिळताच सूडाचा नवा दावा लावील, ही त्याची धास्ती. परिणाम मात्र असा, की तक्रार करणारा कायमचा बाहेर जातो आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो आपल्या खुर्चीवर राहू शकतो.

कॅलिफोर्नियात आपत्कालीन विभागातील एका डॉक्टरने वांशिक भेदभावाचा दावा केला. त्याची संस्था अनेक रुग्णालयांना डॉक्टर पुरवीत असे. तडजोडनाम्यानुसार संस्थेने पुढे एखादे रुग्णालय हाती घेतले, तर तेथे आधीपासून काम करणाऱ्या या डॉक्टरलाही काढता येणार होते. त्याने सही नाकारली. संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले व २०१८ मध्ये तो करार अमान्य ठरविला. आधार होता व्यवसायबंदीचे करार रद्द ठरविणाऱ्या, १८७२ पासूनच्या कॅलिफोर्नियाच्या तरतुदीचा.

१८७२ हे वर्ष आपल्यालाही परिचित आहे. भारतीय करार कायदा त्याच वर्षीचा आणि त्याचे कलम २७ याच आशयाचे. दोहोंचा उगम एकच: डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेला संहितेचा मसुदा. खुद्द न्यूयॉर्कने ती दिवाणी संहिता कधीच स्वीकारली नाही. सॅक्रामेंटो आणि कलकत्त्याने मात्र तिच्यातून हे तत्त्व उचलले.

तरीही मूळ मालकाकडे परतण्याची बंदी तेवढी न्यायालयाला फारशी जाचक वाटली नाही. ती फट कायदेमंडळांनी बुजविली. व्हरमाँटने २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या तडजोडींत असे कलम घालण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून नोकरीविषयक तक्रार करणाऱ्या सर्वांनाच हे संरक्षण दिले. तक्रारदारानेच लैंगिक छळ वा अत्याचार केल्याचे मालकाने सद्भावनेने ठरविले असेल, तर अपवाद ठेवला. मालकावर पुन्हा नोकरी देण्याची सक्ती नाही. योग्य कारणासाठी तो नकार देऊ शकतो. फक्त तो नकार आगाऊ लिहून घेता येत नाही.

भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १० समेटाला मुभा देते, पण पैशाच्या आधारावर समेट करण्यास मनाई करते. दोन्ही देशांतील या नियमांमागची चिंता मला एकच दिसते. गरजू माणूस रकमेपुढे आपला हक्क सोडून देतो आणि कागदावर ती त्याची संमती ठरते. अशा संमतीला मर्यादा घालणे हे कायद्याचे काम आहे. सही करण्यापूर्वी शेवटचे कलम वाचणे हे आपले.