माणदेशी धनगर आणि गुंथर सोंथायमर

माणदेश हा सातारा-सांगलीचा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. दिवाळीनंतर इथले माळ करपू लागतात. मग धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे तळ, घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्यासाठी बाहेर पडतात. वाटेतले शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. त्यांना लेंडीखत मिळते, मेंढक्यांना धान्य. पावसाळा आला की वाडे परततात.

या भटकंतीतून महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास वाचता येतो, हे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवले होते. गुंथर-दीत्झ सोंथायमर (१९३४–१९९२) या जर्मन अभ्यासकाने त्या वाटेवर आयुष्य घातले. ते मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक, पुढे हायडेलबर्ग विद्यापीठात अध्यापक. ते मराठी शिकले, जत्रा आणि वाडे हिंडले आणि धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत राहिले.

ही ओवी नुसती गायची नसते. म्होरक्या गातो, साथीदार सूर धरतात. मग गायलेला भाग गद्यात सांगितला जातो आणि कथा पुढे सरकते. धनगरांचा देव बिरोबा याचा जन्म, त्याचे लग्न, रान आणि मेंढरे हे सारे तिच्यात येते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी हा ठेवा तोंडी जपला होता. सोंथायमर यांनी त्याला पोथीइतकेच प्रमाण मानले.

बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. रान आणि गाव, पशुपालक आणि शेतकरी यांच्या देवाणघेवाणीतून ही दैवते घडली, असे सोंथायमर यांचे प्रतिपादन होते. खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्याची, तर दुसरी बाणाई धनगराची. दोन्ही समाज एकाच देवाशी सोयरिकीने जोडले गेले. आदिवासी धर्म आणि लोकधर्म हे हिंदू धर्माचे स्वतंत्र घटक आहेत, अशी मांडणीही त्यांनी केली.

सोंथायमर यांच्या निधनानंतरही हे काम थांबले नाही. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबाच्या ओव्या फेल्डहाउस, रामदास अतकर आणि राजाराम झगडे यांनी इंग्रजीत आणल्या. २०१४ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. मेंढपाळांची गाणी इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासात रुजली, त्यात सोंथायमर यांचा वाटा फार मोठा आहे.